आधी गिऱ्हाईक, मग वेबसाइट: घरून ऑनलाइन व्यवसाय सुरू करताना

घरून ऑनलाइन काहीतरी विकायचं असं मनात आलं की बहुतेकांची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते. नाव शोधायचं, लोगो करून घ्यायचा, मग वेबसाइट. यात दोन-तीन महिने जातात, साठवलेले पैसे जातात, आणि दुकान उघडल्यावर कळतं की घ्यायला कोणी येतच नाही. मी हे स्वतः केलं आहे. मला कापडी लॅम्पशेड बनवून विकायच्या होत्या. वेबसाइटचे रंग ठरवण्यात मी तीन आठवडे घालवले, पण एक लॅम्पशेड पार्सलने पाठवायला किती खर्च येतो, हे कुरिअरवाल्याला एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो कृपा करून उलटा करू नका. आधी गिऱ्हाईक, मग हिशेब, मग छोटी चाचणी, आणि त्यानंतर दुकान. पहिल्या तीन गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. चूक तिथेच सापडली तर ती स्वस्तात सापडते.

काय विकायचं आणि कोणाला

घरून विकण्यासारख्या गोष्टी ढोबळमानाने तीन प्रकारच्या. हातात धरता येईल अशी वस्तू. सेवा, म्हणजे शिकवणी, भाषांतर, डिझाइन, हिशेब लिहून देणं. आणि डिजिटल माल, म्हणजे रेकॉर्ड केलेला अभ्यासक्रम, ई-पुस्तक, तयार नमुने. सेवेला भांडवल कमी लागतं, पण तुमचे तास संपले की कमाई थांबते. डिजिटल मालाला पाठवणीचा खर्च नसतो, मात्र आधीपासून तुमचं ऐकणारे लोक नसतील तर तो खपायला फार वेळ लागतो. हा लेख मुख्यतः वस्तूंबद्दल आहे, कारण नवखा माणूस सर्वात जास्त तिथेच फसतो. सेवा देणार असाल तर एवढं एक कराच: कामात काय धरलंय, किती वेळा दुरुस्ती करून देणार, कधी देणार आणि आगाऊ किती घेणार, हे चार मुद्दे काम सुरू होण्याआधी लेखी पाठवा. सेवेतली बहुतेक भांडणं या चारांपैकी एकावरून होतात.

आता कागद घ्या आणि एक वाक्य लिहा: अमुक प्रकारच्या माणसाला अमुक अडचण आहे, ती माझ्या वस्तूने सुटते. ‘सगळ्यांसाठी सुंदर लॅम्पशेड’ हे वाक्य उपयोगाचं नाही. ‘भाड्याच्या घरात राहणारे, ज्यांना भिंतीला खिळा न मारता खोलीतला उजेड मऊ करायचा आहे’ हे वाक्य लिहिलं की पुढच्या कितीतरी गोष्टी आपोआप ठरतात. टांगायची नको, टेबलावर ठेवायची हवी. घर बदलताना सहज नेता यावी. फोटो कसल्या खोलीत काढायचा, तेही कळतं. वाक्य जितकं अरुंद, तितकं सुरुवातीचं काम सोपं. रुंद पुढे करता येतं.

गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे जाणून घ्यायची एक जागा फुकट आणि उघडी आहे. मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर तुमच्यासारख्याच वस्तूंचे दोन आणि तीन तारे दिलेले अभिप्राय वाचा. पाच तारे देणारा कौतुक करून मोकळा होतो, एक तारा देणारा बहुधा चिडलेला असतो. दोन-तीन तारे देणाऱ्याला वस्तू हवी होती, पण काहीतरी राहिलं होतं. ते ‘काहीतरी’ त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. पन्नास अभिप्राय वाचले की तीच तीन-चार गाऱ्हाणी परत परत दिसू लागतात. तुमच्या वस्तूत काय सुधारायचं आणि वर्णनात काय लिहायचं, दोन्हीचा कच्चा माल तिथे मिळतो.

शिवाय गुगल ट्रेंड्सवर, म्हणजे लोक गुगलवर काय किती शोधतात हे दाखवणाऱ्या गुगलच्या फुकट साधनावर, त्या वस्तूचा पाच वर्षांचा आलेख पाहा. मागणी वर्षभर सारखी आहे की ठरावीक महिन्यांतच उसळते, हे लगेच दिसतं. हंगामी वस्तू विकू नये असं नाही, पण हंगाम ओसरताना माल भरून ठेवला तर पैसा अडकून पडतो.

मागणी खरी आहे का

ओळखीच्या लोकांना विचारू नका. म्हणजे विचारा, पण त्यांच्या कौतुकाला मागणी समजू नका. ‘छानच आहे, नक्की घेऊ’ असं म्हणायला काही पडत नाही. मागणी एकाच गोष्टीने सिद्ध होते: अनोळखी माणूस पैसे देतो.

याचं मला सर्वात पटलेलं उदाहरण १९९९ सालचं आहे. अमेरिकेत निक स्विनमर्न याला प्रश्न पडला होता की लोक पायात घालून न बघता इंटरनेटवरून बूट घेतील का. त्याने गोदाम भरलं नाही. बुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले, ते वेबसाइटवर लावले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून तो जोड पूर्ण किमतीला विकत घेऊन गिऱ्हाइकाला पाठवला. त्या व्यवहारात नफा नव्हता, पण लोक बूट ऑनलाइन घेतात हे कळलं. हीच कंपनी पुढे झॅपोस म्हणून ओळखली गेली आणि २००९ मध्ये अॅमेझॉनने ती घेतली.

तुम्ही काय करायचं? दोन-तीन नमुने बनवा, नीट फोटो काढा, किंमत लिहा आणि जिथे तुमचं गिऱ्हाईक वावरतं तिथे मांडा. किंमत लिहिणं अत्यावश्यक आहे. किंमत नसलेल्या फोटोला मिळालेली पसंती मोजू नका. ‘तीन आठवड्यांत पाठवतो, आत्ता अर्धी रक्कम भरा, तारखेला मिळालं नाही तर पूर्ण पैसे परत’ अशी आगाऊ नोंदणी घ्या, आणि दिलेला शब्द काटेकोर पाळा. दहा अनोळखी लोकांनी पैसे भरले तर पुढे जायला आधार आहे. महिनाभरात दोघांनीच भरले तर उरलेल्यांना विचारा की काय अडलं. ‘महाग वाटलं’ हे उत्तर नेहमी खरं नसतं. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘हे मला कशाला लागेल, ते कळलं नाही’ असा असतो.

एका ऑर्डरचा हिशेब

या भागावर मी सर्वात जास्त वेळ घेणार आहे, कारण चांगली वस्तू आणि चांगली माणसं असूनही जे व्यवसाय बंद पडलेले मी पाहिले, ते इथेच अडले होते. महिन्याचा हिशेब नंतर करा. आधी एकाच ऑर्डरचा करा.

विक्रीची किंमत १०० धरू. साहित्य २८. स्वतःच्या हाताची मजुरी २०. खोका, कागद, चिकटपट्टी, आतला भराव मिळून ५. पाठवणी १५. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचं शुल्क ३. फुटलेला, परत आलेला, हरवलेला माल सरासरीने ४. एकूण ७५. एका ऑर्डरमागे हातात राहिले २५.

यातली मजुरी बहुतेक नवखे लोक धरतच नाहीत. ‘मीच तर बनवतोय, मला कोण पगार देतंय’ असं म्हणतात. पण उद्या ऑर्डर वाढल्या आणि मदतीला माणूस घ्यावा लागला की तो फुकट काम करणार नाही. मजुरी धरल्यावर जी किंमत परवडत नाही, ती आजही परवडत नाहीये. तुमच्या कष्टाने ते झाकलं आहे, एवढंच.

आता दर महिन्याचे ठरलेले खर्च पाहा. दुकानाचं सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज, बँकेचं शुल्क, फोटोंसाठीचं काहीबाही. ते त्याच मापाने १,००० धरले, तर १,००० भागिले २५ म्हणजे ४० ऑर्डर झाल्यावर तोंडमिळवणी होते. एक गिऱ्हाईक आणायला जाहिरातीत १० गेले तर उरतात १५, आणि आकडा ६७ वर जातो. जाहिरातीत ३० गेले तर प्रत्येक ऑर्डरवर ५ चा तोटा, मग जितक्या ऑर्डर जास्त तितका खड्डा मोठा. ‘एकदा ऑर्डर वाढू दे, मग जमेल’ हे वाक्य तिथे लागू होत नाही.

सवलतीचंही तसंच. १०० च्या वस्तूवर १० टक्के सूट म्हणजे फक्त १० टक्केच ना, असं वाटतं. पण तुमच्या हातात राहणारे २५ होते, त्यातले १० गेले. म्हणजे स्वतःच्या नफ्याचे ४० टक्के तुम्ही देऊन टाकले. सूट द्यायचीच तर दोन वस्तू एकत्र घेणाऱ्याला द्या. तिथे पाठवणीचा खर्च वाचतो आणि त्यातून सूट निघते.

पाठवणीबद्दल माझा अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या लॅम्पशेडचं वजन जेमतेम ९०० ग्रॅम होतं. मी मनात एक किलोचा दर धरून किंमत ठरवली. बिल आलं ११ किलोंहून अधिक वजनाचं. मला वाटलं चूक झाली असेल, पण चूक माझीच होती. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात, कारण विमानात आणि ट्रकमध्ये जागा विकली जाते. आकारमानाचं वजन काढायची प्रचलित रीत अशी: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५,००० ने भागा. माझा खोका ४० बाय ४० बाय ३५ चा होता. गुणाकार ५६,०००, भागाकार ११.२ किलो. मी हवा पाठवत होतो आणि हवेचे पैसे भरत होतो.

मग मी लॅम्पशेडच बदलली. सांगाडा घडी होणारा केला, कापड वेगळं गुंडाळून ठेवलं, जोडायचा चित्रमय कागद आत घातला. नवा खोका ४० बाय ३० बाय ६ चा झाला. ७,२०० भागिले ५,००० म्हणजे १.४४ किलो. किंमत न वाढवता व्यवसाय परवडायला लागला तो इथे. तेव्हा वस्तू पक्की करायच्या आधी खोका पक्का करा. मोजपट्टी घेऊन बसा, दोन-तीन कुरिअर सेवांचे दर काढा, त्यांचा भाजक कोणता तेही विचारा, कारण तो सगळीकडे सारखा नसतो.

पैशांसारखाच तासांचा हिशेबही करा. एक वस्तू बनवायला २ तास, बांधायला २० मिनिटं, गिऱ्हाइकाशी बोलण्यात १५ मिनिटं. आठवड्याला १० ऑर्डर म्हणजे जवळपास २६ तास. नोकरी सांभाळून एवढे तास निघतात का? निघत नसतील तर आठवड्याला पाचच ऑर्डर घ्या आणि तसं स्पष्ट लिहा. मर्यादित ऑर्डर घेणारा माणूस लोकांना चालतो, उशीर करणारा चालत नाही.

घर आणि घरचे

घरून व्यवसाय म्हणजे घरच्यांच्या जागेत व्यवसाय. त्यांच्याशी आधी बोला. कोणती खोली, कोणतं कपाट, किती वाजेपर्यंत चिकटपट्टीचा आवाज, पार्सल घ्यायला माणूस आला तर दार कोण उघडणार. या बारीकसारीक गोष्टींवरूनच कुरबुरी होतात.

माल ओलसर भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. बांधणीसाठी कंबरेच्या उंचीचं टेबल हवं. जमिनीवर बसून पंधरा पार्सलं बांधली की पाठ सांगते. कात्री, टेप, लेबलं, वजनकाटा यांची जागा ठरवून टाका. व्यवसायासाठी वेगळा फोन नंबर घ्या आणि उत्तराच्या वेळा जाहीर करा. रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला रात्री अकराला उत्तर दिलंत की उद्यापासून तीच अपेक्षा तयार होते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, म्हणजे तुमच्या घरचा पत्ता. एकटे राहत असाल किंवा घरात लहान मुलं असतील तर टपालपेटी किंवा पार्सल स्वीकारणारं केंद्र वापरता येतं का ते पाहा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घेतानाही नोंदणीतली खासगी माहिती झाकण्याची सोय सुरू ठेवा.

कागदपत्रं

व्यवसायाची नोंदणी, कर, तुमच्या वस्तूला लागणारा परवाना किंवा सुरक्षा-चाचणी, घर भाड्याचं असेल तर करारात व्यवसायाला मनाई आहे का, हे सगळं जिथे राहता तिथल्या नियमांप्रमाणे. एकदा करसल्लागाराला फी देऊन तासभर बसा. नंतर निस्तरण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं. खाण्याच्या, अंगाला लावण्याच्या, लहान मुलांच्या आणि विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे नियम जवळजवळ सगळीकडे कडक असतात, त्यामुळे तिथे चाचणीची विक्रीसुद्धा नियम पाहूनच करा. मी याच कारणाने दिव्याची वायर आणि होल्डर देत नाही, फक्त शेड देतो.

व्यवसायाचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. घरखर्च आणि गल्ला एक झाला की नफा होतोय की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

दुकान कुठे मांडायचं

आता वेबसाइटकडे येऊ. तीन वाटा आहेत. पहिली, तयार बाजारपेठ, जशी अॅमेझॉन किंवा हस्तकलेच्या वस्तूंसाठी २००५ पासून चालत आलेली एट्सी. तिथे गिऱ्हाईक आधीच असतं, पण दर विक्रीवर कमिशन जातं, नियम त्यांचे असतात आणि शेजारच्या चौकटीत तुमचा प्रतिस्पर्धी उभा असतो. दुसरी, समाजमाध्यमांवरून थेट विक्री. सुरुवातीला सोपी, पण ऑर्डर वाढल्या की निरोपांच्या गर्दीत पत्ते आणि रंग हरवतात. तिसरी, स्वतःचं दुकान: शॉपिफायसारखी महिन्याच्या भाड्याची सेवा, किंवा वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं सॉफ्टवेअर बसवून. भाड्याच्या सेवेत डोकेदुखी कमी. वूकॉमर्समध्ये सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग (वेबसाइट ठेवायला भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा), अद्ययावत ठेवणं, बॅकअप तुमच्या गळ्यात.

माझं मत विचाराल तर पहिले पन्नास ग्राहक बाजारपेठेतून किंवा समाजमाध्यमातून मिळवा आणि त्यानंतर स्वतःचं दुकान उघडा. पण डोमेन मात्र आजच घ्या. नाव फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला लिहिता आलं पाहिजे, ही एकच कसोटी लावा. त्याच नावाचा कोणाचा ट्रेडमार्क नाही ना, तेही शोधा. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर ते राहिलं आणि पुढे संबंध बिघडले, तर स्वतःच्याच दुकानाची किल्ली मागत फिरावं लागतं. नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा.

दुकानाच्या पत्त्यात कुलूपबंद जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस हवीच. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर ती नसलेल्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ अशी खूण दाखवतो, आणि तिथे कार्डाचा नंबर कोणी टाकत नाही. त्यासाठीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. बरेच होस्टिंगवाले ते स्वतःच बसवून देतात.

वस्तूचं पान

ऑनलाइन गिऱ्हाइकाला वस्तू हातात घेता येत नाही. हात जे काम करतो, ते फोटोने आणि शब्दांनी करायचं आहे. महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. खिडकीशेजारी टेबल ठेवा, ऊन थेट पडत नसेल अशी वेळ निवडा, खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा म्हणजे सावली मऊ होते. खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर रंग पिवळा येतो. पाच फोटो पुरतात: समोरून, शिवण किंवा जोड जवळून, मागून, वापरात असलेली, आणि एक असा ज्यात शेजारी पुस्तक किंवा हात आहे. आकाराचा अंदाज सेंटिमीटर वाचून येत नाही, तो असा शेजारची वस्तू पाहून येतो.

पान तयार झाल्यावर मी शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, “काकू, ही घ्यायची आहे असं समजा आणि घेऊन दाखवा.” पुढे काही बोललो नाही. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, वर गेल्या, खाली आल्या आणि मला विचारलं, “अरे, ही टेबलावर ठेवायची की छताला टांगायची?” तीनशे शब्दांच्या वर्णनात मी कापडाचा पोत, विणीचा प्रकार, रंगाची प्रेरणा सगळं लिहिलं होतं. टेबलावर ठेवायची, हे लिहिलंच नव्हतं. मला ते इतकं माहीत होतं की लिहावंसं वाटलंच नाही. ही चाचणी तीन वेगवेगळ्या माणसांवर करा, आणि ती चालू असताना गप्प बसा. तोंडाने समजावलंत की चाचणी वाया.

पाठवणीचा खर्च शेवटच्या पानावर लपवू नका. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने निरनिराळ्या पाहण्यांची जी सरासरी काढली आहे, तिच्यानुसार पिशवीत माल टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक पैसे न भरताच निघून जातात. नुसतं बघायला आलेले वगळले तर शेवटी वाढणारे खर्च, म्हणजे पाठवणी, कर, शुल्क, हे त्यांचं सर्वात मोठं कारण निघतं. माल परत घेण्याचे नियमही साध्या भाषेत, वस्तूच्या पानावरच लिहा: किती दिवसांत, कोणत्या अवस्थेत, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा.

पैसे आणि सुरक्षितता

गिऱ्हाइकाच्या कार्डाची माहिती स्वतःकडे कधीही घेऊ नका. निरोपातून नाही, फोनवर नाही, वहीत तर नाहीच. पैसे भरण्याचं पान पेमेंट सेवेचंच असू द्या. कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार व्यवहार मंजूर झाल्यावर कार्डामागचा गुप्त आकडा साठवून ठेवायला मनाई आहे.

कार्डाने पैसे भरलेला ग्राहक बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागू शकतो, आणि ही मुदत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींत १२० दिवसांपर्यंत जाते. म्हणून प्रत्येक पार्सलची पावती, मागोवा क्रमांक, पोहोचल्याचा पुरावा आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं सहा महिने तरी जपा. बांधण्यापूर्वी वस्तूचा आणि बांधल्यावर खोक्याचा फोटो काढायची सवय लावा. मला ती एका फुटक्या पार्सलच्या वादात कामी आली; फोटो दाखवल्यावर कुरिअरने भरपाई दिली.

आणि विकल्याबरोबर पैसे हातात पडत नाहीत. पेमेंट सेवा काही दिवसांनी जमा करते, बाजारपेठा कधी त्याहून उशिरा, नवख्या विक्रेत्याची रक्कम तर काही काळ अडवूनही ठेवतात. दरम्यान पुढच्या मालाचं साहित्य घ्यायचं असतं. दोन महिन्यांचं साहित्य आणि पाठवणी भागेल एवढं खेळतं भांडवल बाजूला असल्याशिवाय दुकान उघडू नका. ईमेल, बँक, दुकान, डोमेन या चार खात्यांना दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक पुरावा, जसा फोनवरचा कोड, लागेल, आणि ग्राहकांच्या यादीची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

दार उघडताना

गाजावाजा करून उद्घाटन करायचा मोह आवरा. आधी स्वतः एक खरी ऑर्डर टाका, स्वतःच्या कार्डाने, साध्या फोनवरून. पुष्टीचा ईमेल येतो का? बिलावरचा पत्ता बरोबर आहे का? ऑर्डर रद्द करून पैसे परत येतात का, तेही पाहा. नंतर स्वतःलाच एक पार्सल कुरिअरने पाठवा. ते उघडताना तुम्हाला जे दिसेल, तेच गिऱ्हाइकाला दिसणार आहे.

मग ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना कळवा. पहिल्या वीस जणांना वस्तू मिळाल्यावर आठवड्याने एक प्रश्न विचारा: घेण्याआधी कसली शंका आली होती? त्यांची उत्तरं पानावर टाका. हे वीस लोक तुमच्याबद्दल आपणहून बोलले तर त्या तोंडी प्रसिद्धीची सर जाहिरातीला येत नाही.

जाहिरात सुरुवातीला थोडकीच करा. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवरच्या ॲपना वापरणाऱ्याचा माग काढण्यासाठी त्याची परवानगी घेणं बंधनकारक केलं, तेव्हा जाहिरात नेमक्या माणसापर्यंत पोहोचवणं अवघड झालं आणि समाजमाध्यमांतल्या जाहिरातींवर विसंबलेल्या कितीतरी छोट्या विक्रेत्यांचं गणित कोसळलं. दुसऱ्याच्या जागेवरची गर्दी आपली नसते. ग्राहकांच्या परवानगीने जमवलेली ईमेल यादी मात्र आपली. तिथेही शिस्त लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी नियम घट्ट केले आहेत: डोमेनवरून ईमेल पाठवताना ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी हव्यात, दिवसाला पाच हजारांवर ईमेल पाठवणाऱ्यांना तर सक्तीच आहे, आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. यादी लहान असली तरी या नोंदी करून घ्या, नाहीतर ऑर्डरची पुष्टीसुद्धा नको असलेल्या ईमेलच्या ढिगात जाते. युरोपात माल पाठवणार असाल तर तिथला माहिती-संरक्षणाचा कायदा, मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, घरातून चालणाऱ्या छोट्या दुकानालाही लागतो.

पहिले तीन महिने

तक्रार येणारच. पहिल्या उत्तरात कारणं देऊ नका. काय झालं ते समजलं आहे, मी काय करणार आहे, आणि कधीपर्यंत, एवढ्या तीन ओळी त्याच दिवशी पाठवा. दर तक्रारीची एका वहीत नोंद करा. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की ती ग्राहकाची नाही, वस्तूची किंवा पानाची आहे.

दर रविवारी अर्धा तास काढून चार आकडे लिहा: किती लोक पानावर आले, कितींनी घेतलं, एका ऑर्डरमागे खरोखर किती उरले, आणि तुमचे किती तास गेले. लोक येत नसतील तर दुकान त्यांच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. येऊन घेत नसतील तर पान, किंमत किंवा विश्वास यांपैकी काहीतरी कमी पडतंय. घेतात आणि तरी पैसे उरत नाहीत, तर पुन्हा खोका आणि मोजपट्टी काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन आठवडे थांबा, मगच दुसरीला हात लावा. नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

आणि दुकान उघडण्याच्या आदल्या दिवशी, डोकं शांत असताना, दोन गोष्टी कागदावर लिहून घरच्यांपैकी एकाच्या हवाली करा. जास्तीत जास्त किती पैसे घालणार, आणि कोणत्या तारखेला थांबून विचार करणार. माझा तो कागद बहिणीकडे होता. तारीख आली तेव्हा तीच तो घेऊन आली, आणि आम्ही दोघांनी चार आकड्यांची वही समोर ठेवून ठरवलं की टांगायच्या लॅम्पशेड बंद करायच्या आणि घडीच्या ठेवायच्या.